एकसिलिंडरी एंजिनाच्या क्रँकशाफ्टचे संतुलन

मोटारसायकलचे एंजिन उघडून त्याला नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि नवी क्रँकपिन बसविली की ते पुन्हा नव्यासारखे चालेल, अशी मालकाची अपेक्षा असते. पुष्कळदा ती पुरीही होते. परंतु काही वेळा असे आढळते की, दुरुस्तीपूर्वी शांतपणे चालणारे एंजिन दुरुस्तीनंतर एका विशिष्ट वेगाला थरथरू लागते, हँडल धरलेल्या हातांना मुंग्या येतात, दिव्याचे बल्ब वारंवार जातात आणि नटबोल्ट सैल होऊ लागतात. प्रत्येक सुटा भाग निर्दोष असूनही असे का होते? या प्रश्नाचे उत्तर क्रँकशाफ्टच्या, म्हणजेच भुजादंडाच्या, संतुलनात सापडते. घरच्या छोट्या कार्यशाळेत हे संतुलन कितपत तपासता येते, कितपत सुधारता येते आणि कोठे थांबावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी आपण बुलेट ३५० हे एंजिन घेऊ. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ही मोटारसायकल आपल्या देशात तयार होऊ लागली. तिच्या जुन्या एंजिनात एकच उभा सिलिंडर असून त्याचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनची धाव ९० मि.मी. आहे, त्यावरून ३४६ घन सें.मी. ही क्षमता येते. धावेच्या निम्मी म्हणजे ४५ मि.मी. ही क्रँकची त्रिज्या होय. दोन जड फ्लायव्हीले (प्रचक्रे), त्यांना जोडणारी क्रँकपिन आणि त्या पिनेवर फिरणारा कनेक्टिंग रॉड अशी या क्रँकशाफ्टची सुटसुटीत रचना असल्यामुळे अभ्यासाला ती सोयीची आहे.

फिरणारे वजन आणि ये-जा करणारे वजन

एंजिनातील हलत्या भागांचे दोन वर्ग पडतात. क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक हे वर्तुळात फिरतात. पिस्टन, त्याच्या रिंगा, गजन पिन, तिच्या सरक्लिपा आणि दांड्याचे लहान टोक हे सरळ रेषेत वर-खाली जातात. शास्त्रीय परिभाषेत या गतीला पश्चाग्र गती म्हणतात.

पहिल्या वर्गाचे संतुलन सोपे आहे. दोरीला दगड बांधून फिरविला असता तो हाताला बाहेर ओढतो. दोरीच्या विरुद्ध टोकाला तितकाच दगड तितक्याच अंतरावर असेल, तर मध्यबिंदूवरील ओढ नाहीशी होते. त्याचप्रमाणे फ्लायव्हीलवर क्रँकपिनेच्या समोरच्या बाजूस योग्य तो प्रतिभार ठेवला, की फिरणाऱ्या वजनाचे केंद्रोत्सारी बल सर्व वेगांना आणि सर्व स्थितींत पूर्णपणे नष्ट होते.

खरी अडचण दुसऱ्या वर्गाची आहे. पिस्टन प्रत्येक धावेच्या शेवटी थांबतो आणि उलट दिशेने निघतो. त्याला थांबविण्यासाठी आणि पुन्हा चालविण्यासाठी लागणारे बल अखेर एंजिनाच्या पेटीवर आणि तिच्यामार्फत चौकटीवर येते. हे बल किती मोठे असते, ते पाहण्यासारखे आहे. ये-जा करणारे वजन अर्धा किलो आणि एंजिनाचा वेग मिनिटाला ४,००० फेरे मानला, तर ४५ मि.मी. त्रिज्येवर हे बल सुमारे ३,९५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४०० किलोग्रॅम भाराइतके होते. मिनिटाला ४,००० वेळा ते वरून खाली आणि खालून वर दिशा बदलते. वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. संथ चालीत न जाणवणारा दोष वेग वाढताच असह्य का होतो, याचे कारण हेच.

कंपाचा नाश नव्हे, विभागणी

या वर-खाली बलाचा बंदोबस्त करण्यासाठी प्रतिभार आणखी वाढवावा, हा विचार सहज सुचतो. पण येथे एक पेच आहे. पिस्टनचे बल केवळ उभ्या रेषेत असते. प्रतिभार मात्र वर्तुळात फिरतो. पिस्टन वरच्या टोकाला असताना प्रतिभार खाली असतो आणि दोन्ही बले एकमेकांना छेदतात. परंतु क्रँक पाव फेरा पुढे जाताच प्रतिभार आडवा होतो. त्या क्षणी त्याच्या विरुद्ध उभे राहणारे कोणतेच बल नसते. परिणामी उभा कंप जेवढा कमी केला, तेवढाच आडवा कंप आपण नव्याने निर्माण केलेला असतो.

ये-जा करणाऱ्या वजनाच्या शेकडा किती भागासाठी प्रतिभार ठेवला आहे, त्या प्रमाणाला संतुलन-गुणक म्हणतात. गुणक शून्य असेल तर सर्व कंप उभा. शंभर टक्के असेल तर सर्व कंप आडवा. गुणक पन्नास टक्के असेल, तर निम्म्या मूल्याचे एक स्थिर बल उरते आणि ते क्रँकच्या उलट दिशेने गरगर फिरत राहते. एकसिलिंडरी मोटारसायकलींत हा गुणक बहुधा ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेला आढळतो. नेमका आकडा एंजिनावर जितका अवलंबून असतो, तितकाच चौकटीची ताठरता, एंजिन धरणारे बोल्ट आणि सिलिंडरचा कल यांवरही अवलंबून असतो. म्हणून एका गाडीचा गुणक दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरते.

हाच पेच वाफेच्या रेल्वे एंजिनातही होता. तेथे पिस्टन आडवे धावत, म्हणून त्यांच्यासाठी चाकांत बसविलेले प्रतिभार उभ्या दिशेने रुळांवर हातोड्यासारखे घाव घालीत. पुलांना पोचणारा हा उपद्रव इतका गंभीर मानला गेला की, ब्रिटनमध्ये पुलांवरील ताणांच्या अभ्यासासाठी १९२३ साली एक समिती नेमण्यात आली आणि तिचा अहवाल १९२८ साली प्रसिद्ध झाला. एंजिनाचे हेलकावे कमी करावेत तर रुळांना मार, आणि रुळांना वाचवावे तर गाडीला हेलकावे, अशी ती ओढाताण होती. बुलेटच्या चौकटीत तीच ओढाताण लहान प्रमाणावर चालते.

याखेरीज कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्यामुळे फेऱ्यागणिक दोनदा येणारे एक दुय्यम बलही असते. दांड्याची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट असेल, तर ते मुख्य बलाच्या सुमारे पावपट भरते. फ्लायव्हीलवरील कोणताही प्रतिभार त्याला हात लावू शकत नाही. तेव्हा एकसिलिंडरी एंजिन कंपरहित करणे क्रँकशाफ्टच्या संतुलनाने शक्य नाही, ही गोष्ट प्रारंभीच मनात पक्की धरावी. उरणारा कंप कोणत्या दिशेला किती जाऊ द्यावयाचा, एवढेच आपल्या हाती असते.

वजने घेणे

प्रत्यक्ष कामाचा आरंभ वजनकाट्यापासून होतो. एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा काटा पुरेसा आहे. जुना पिस्टन टाकून देण्यापूर्वी त्याचे रिंगा, गजन पिन आणि सरक्लिपांसह वजन करावे. नव्या संचाचेही तसेच करावे. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत.

कनेक्टिंग रॉडचे वजन त्याच्या दोन टोकांत विभागून काढावे लागते. दांडा आडवा धरून मोठ्या टोकाच्या मध्यावर त्याला टेकू द्यावा आणि लहान टोक काट्यावर ठेवावे. मिळणारे वजन लहान टोकाचे. नंतर याच्या उलट करावे. दोन्ही वजनांची बेरीज पूर्ण दांड्याच्या वजनाइतकी आली पाहिजे; न आल्यास दांडा समतल नव्हता किंवा टेकूत घर्षण होते, असे समजावे. क्रँकशाफ्ट उघडलेला नसेल, तर तो फळीवर पक्का ठेवून, दांडा पिनेवर आडवा करून त्याचे लहान टोक काट्यावर टेकविले तरी चालते.

धारेवरची तपासणी

संतुलन तपासण्यापूर्वी क्रँकशाफ्ट सरळ असला पाहिजे. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत नसतील, तर संतुलनाची सर्व मेहनत वाया जाते. क्रँकशाफ्ट मुख्य बेअरिंगांच्या जागी खाचेच्या ठोकळ्यांवर ठेवून हळूहळू फिरवावा आणि दोन्ही टोकांना डायल गेज लावून पाहावे. काट्याचे हेलकावे दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत असावेत; एंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मर्यादा दिली असेल, तर तीच प्रमाण मानावी. फ्लायव्हीले पिनेवर दाबून बसविण्याचे आणि सरळ करण्याचे काम अनुभवी लेथ-कारागिराकडे सोपविणे शहाणपणाचे असते.

तपासणीसाठी पोलादाच्या दोन सरळ, घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्या घेऊन त्या धारेवर उभ्या, परस्परांना समांतर अशा बसवाव्यात. पाणसळ लावून त्या लांबीत आणि एकमेकींच्या तुलनेत समतल आहेत याची खात्री करावी. शाफ्टचे सारख्या व्यासाचे भाग पट्ट्यांवर टेकले पाहिजेत. व्यास निरनिराळे असतील, तर लहान व्यासाच्या बाजूला अचूक मापाची कडी चढवावी, नाहीतर क्रँकशाफ्ट सरळ न घरंगळता वळत जातो. पट्ट्या किती संवेदनक्षम आहेत ते पाहण्यासाठी फ्लायव्हीलच्या कडेला पाच ग्रॅम मेणाचा गोळा चिकटवून पाहावा. तेवढ्यानेही समतोल क्रँकशाफ्ट हलत नसेल, तर मांडणीत दोष आहे.

आता पिस्टन न लावता कनेक्टिंग रॉड क्रँकपिनेवरून मोकळा लोंबू द्यावा. या स्थितीत दांड्याच्या दोन्ही टोकांचे वजन क्रँकपिनेवर येते. लहान टोकाला तारेच्या आकड्याने एक हलकी डबी अडकवावी आणि तीत छर्रे किंवा वॉशर टाकीत जावे. क्रँकशाफ्ट कोणत्याही स्थितीत ठेवला तरी तेथेच स्थिर राहील, अशी वेळ येईपर्यंत वजन कमी-जास्त करावे. निदान आठ निरनिराळ्या स्थितींत हे पडताळून पाहावे. डबी, आकडा आणि आतील छर्रे यांचे एकत्र वजन म्हणजे टांगलेले वजन. त्यावरून गुणक असा निघतो : टांगलेले वजन आणि लहान टोकाचे वजन यांच्या बेरजेला ये-जा करणाऱ्या एकूण वजनाने भागावे.

एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या एंजिनाची वजने स्वतः घ्यावीत. जुना पिस्टन-संच ३६५ ग्रॅम आणि दांड्याचे लहान टोक १४० ग्रॅम, म्हणजे ये-जा करणारे एकूण वजन ५०५ ग्रॅम. १६० ग्रॅम टांगल्यावर क्रँकशाफ्ट स्थिर राहिला. १६० आणि १४० मिळून ३००. त्याला ५०५ ने भागता गुणक ५९.४ टक्के येतो. दुरुस्तीपूर्वी गाडी समाधानकारक चालत असेल, तर तिच्या चौकटीला मानवणारा हाच गुणक होय. एंजिन उघडताना ही एक तपासणी केली, तर पुढचे सर्व अंदाज टळतात.

आता सिलिंडरला बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन आणला आणि त्याचा संच ३९७ ग्रॅम भरला, असे समजू. एकूण वजन ५३७ ग्रॅम झाले. फ्लायव्हीलांत काहीच बदल केला नाही, तर गुणक ३०० भागिले ५३७, म्हणजे ५५.९ टक्के होतो. पूर्वी ५०५ पैकी २०५ ग्रॅमचा उभा कंप उरत होता. आता २३७ ग्रॅमचा उरतो. जुना गुणक पुन्हा साधावयाचा असल्यास टांगलेले वजन १७९ ग्रॅम असताना समतोल साधला पाहिजे. म्हणजे क्रँकपिनेच्या त्रिज्येवर १९ ग्रॅमचा बदल घडवावा लागेल.

परंतु हा बदल केल्याने काय साधते? उभा कंप २३७ वरून २१८ ग्रॅमवर येतो आणि आडवा कंप ३०० वरून ३१९ ग्रॅमवर जातो. पिस्टनमुळे वाढलेले ३२ ग्रॅम काही नाहीसे झाले नाहीत. ते दोन दिशांत वाटले गेले. याउलट दुकानातच वजन करून जुन्याइतका हलका पिस्टन निवडला असता, तर दोन्ही कंप पूर्ववत राहिले असते आणि फ्लायव्हीलाला हात लावण्याची गरजच पडली नसती. संतुलनाचा निम्मा प्रश्न अशा रीतीने सुटे भाग खरेदी करतानाच सुटतो किंवा बिघडतो. ड्रिल हाती घेण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने मांडावा.

धातू काढणे

हिशेबाअंती फरक मोठा आहे असे ठरले, तरच धातू काढण्याचा विचार करावा. नियम सरळ आहे. ठरलेले वजन टांगले असता क्रँकपिन खाली जात असेल, तर प्रतिभार कमी आहे. क्रँकपिनेच्या बाजूच्या कडेतून धातू काढावा. क्रँकपिन वर जात असेल, तर प्रतिभार जास्त आहे. तिच्या समोरच्या कडेतून धातू काढावा. क्रँकपिन बाजूला असतानाच क्रँकशाफ्ट थांबत असेल, तर असमतोल पिनेच्या रेषेवर नाही. अशा वेळी मेणाचे गोळे चिकटवून योग्य जागा प्रथम शोधावी.

काढावयाचे वजन परिबलाच्या नियमाने ठरते. वरील उदाहरणात ४५ मि.मी. त्रिज्येवर १९ ग्रॅम हवे आहेत. ८० मि.मी. त्रिज्येवर भोक पाडावयाचे असल्यास १९ गुणिले ४५ भागिले ८०, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम धातू पुरे. पोलादात १० मि.मी. व्यासाचे व १० मि.मी. खोलीचे भोक पाडले असता सुमारे ६ ग्रॅम धातू निघतो. तेव्हा प्रत्येक फ्लायव्हीलात सुमारे ९ मि.मी. खोल असे एकेक भोक पुरेल. दोन्ही फ्लायव्हीलांतून सारखाच धातू काढणे आवश्यक आहे. एकाच बाजूने काढल्यास धारेवर क्रँकशाफ्ट समतोल दिसेल. परंतु फिरताना दोन टोकांना परस्परविरुद्ध ओढणारे युग्म निर्माण होऊन मुख्य बेअरिंगांवर अकारण ताण पडेल.

हिशेबापेक्षा कमी खोल भोक पाडून पुन्हा धारेवर तपासावे आणि मग थोडे थोडे पुढे जावे. कारण काढलेला धातू परत घालता येत नाही. भोकात शिसे ओतून वजन वाढविण्याची रीत काही ठिकाणी दिसते. असे शिसे पक्के न बसल्यास फिरताना सुटून एंजिनाचा नाश करू शकते, म्हणून घरी हा उपाय करू नये. क्रँकपिनेच्या भोकाजवळ किंवा तेलमार्गाजवळ कधीही ड्रिल चालवू नये. ड्रिल करण्यापूर्वी तेलाची सर्व छिद्रे बंद करावीत आणि नंतर संपूर्ण क्रँकशाफ्ट रॉकेलने धुऊन, तेलमार्गांतून दाबाची हवा सोडून स्वच्छ करावा. लोखंडाचा एक कीस मोठ्या टोकाच्या बेअरिंगात शिरला, तर संतुलनाने वाचविलेले एंजिन त्या किसाने निकामी होते.

घरगुती कामाची मर्यादा

धारेवरची तपासणी ही स्थिर तपासणी आहे. दोन फ्लायव्हीले जवळजवळ असलेल्या एकसिलिंडरी क्रँकशाफ्टला ती बहुधा पुरते. परंतु क्रँकशाफ्ट लांब असेल, किंवा सिलिंडर दोन वा अधिक असतील, तर स्थिर असताना समतोल असलेला शाफ्ट फिरताना डगमगू शकतो. असा शाफ्ट फिरत्या संतुलन-यंत्रावरच तपासावा लागतो. ते काम त्या यंत्राच्या जाणकाराकडे न्यावे. घरी त्याचा प्रयत्न करू नये.

एंजिन जोडल्यानंतरही कंप राहिला, तर क्रँकशाफ्टला दोष देण्यापूर्वी एंजिनाचे बोल्ट, सिलिंडर-हेडला चौकटीशी धरून ठेवणारा आधार आणि चौकटीतील तडे तपासावेत. यांपैकी एखादा बोल्ट सैल असला तरी अचूक संतुलन व्यर्थ ठरते.

अभियंत्यांनी या पेचातून निरनिराळे मार्ग काढले. १९६७ साली लोकांपुढे आलेल्या नॉर्टन कमांडो या ब्रिटिश मोटारसायकलीत एंजिन रबरी आधारांवर बसवून कंप चालकापर्यंत पोचू न देण्याची योजना होती. नव्वद अंशांच्या व्ही आकाराच्या जोडएंजिनात एका पिस्टनसाठी ठेवलेल्या प्रतिभाराचे आडवे बल दुसरा पिस्टन छेदतो. एकसिलिंडरी एंजिनासाठी सर्वांत समर्पक उपाय म्हणजे क्रँकच्या उलट दिशेने त्याच वेगाने फिरणारा संतुलक दंड. पन्नास टक्के गुणकात उलट फिरणारे निम्मे बल उरते, हे आपण पाहिले. तेच बल हा दंड छेदून टाकतो. रॉयल एनफील्डच्या ३५० सी.सी. गाड्यांत २०२० साली मीटिऑरबरोबर आलेल्या नव्या एंजिनात असा दंड आहे.

जुन्या बुलेटमध्ये तो नाही. तिच्या मालकाला उभा आणि आडवा कंप यांमध्ये तडजोडच करावी लागते. ती तडजोड मूळ रचनाकारांनी त्या चौकटीचा विचार करून ठरविलेली असते, आणि ती मोजून, नोंदवून, शक्य तितकी जशीच्या तशी राखणे हे घरगुती कारागिराचे पहिले कर्तव्य आहे. वजनकाटा, दोन सरळ पट्ट्या, पाणसळ आणि एक वही एवढ्या साधनांनी ते पार पाडता येते. ड्रिलची पाळी त्यानंतर येते. आणि हिशेब नीट मांडला असेल, तर पुष्कळदा ती येतच नाही.